‘काही दिसलं नाही’ हाही निकालच असतो, तो छापा : स्पिनट्रॉनिक्समधले संपादक, रेफरी आणि निधी समित्यांना खुलं पत्र

आदरणीय संपादक, रेफरी आणि प्रोजेक्टच्या समित्यांवर बसणारी ज्येष्ठ मंडळी,

सादर नमस्कार.

मी महाराष्ट्रातल्या एका लॅबमध्ये प्रायोगिक भौतिकशास्त्रात पीएचडी करतेय, विषय स्पिनट्रॉनिक्स, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर (त्याच्या अंगच्या बारीक चुंबकत्वावर) चालणारं इलेक्ट्रॉनिक्स. रुथेनियम डायऑक्साइडच्या पातळ फिल्म बनवायच्या, त्यावर बॅरिअर (वीज अडवणारा थर) आणि फेरोमॅग्नेटचा (लोखंडासारख्या नेहमीच्या चुंबकाचा) थर चढवायचा, त्यातून टनेल जंक्शन कोरायची आणि चुंबकीय क्षेत्र फिरवत त्यांचा रेझिस्टन्स मोजायचा, हे माझं काम. हे मटेरियल आल्टरमॅग्नेट (एका नव्या प्रकारचं चुंबक, खाली सांगते) असेल तर जंक्शनमध्ये अमुक दिसायला हवं असं थिअरी सांगते. आम्हाला ते दिसलं नाही. का दिसलं नाही, कुठल्या कुठल्या शक्यता तपासल्या, कुठल्या अजून शिल्लक आहेत, हे सगळं लिहून आम्ही पेपर पाठवला आणि तो रेफरीकडे, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे, न जाताच परत आला, निकाल नकारात्मक आहे आणि वाचकांना त्यात रस नसेल एवढंच कारण देऊन. अपील केलं, उत्तर तेच. त्याच सुमाराला प्रोजेक्टच्या आढावा बैठकीत आम्हाला सांगितलं गेलं की या मटेरियलमध्ये आता अडकू नका, काहीतरी पॉझिटिव्ह दाखवा, म्हणजे पुढचं बघता येईल.

त्या जर्नलचं किंवा त्या समितीचं नाव मी घेणार नाही. एका संपादकानं किंवा एका समितीनं वागायचं बदललं म्हणून काही सुटणार नाही, कारण कॉन्फरन्समध्ये चहाच्या वेळी इतर लॅबमधल्या मुलामुलींशी बोललं की हेच ऐकायला मिळतं. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि उघड, कारण या कामाला लागणारा पैसा लोकांच्या करातून येतो आणि तो कसा वाया जातो हे त्यांनाही कळायला हवं.

तुम्हाला माहीत असलेलंच थोडं परत सांगते, इतर वाचणाऱ्यांसाठी. टनेल जंक्शन म्हणजे दोन चुंबकीय थर आणि त्यांच्यामध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा इन्सुलेटर. इलेक्ट्रॉन त्या इन्सुलेटरमधून आरपार जातात, आणि दोन्ही थरांचं चुंबकत्व एकाच दिशेला असलं तर साधारणपणे रेझिस्टन्स कमी, उलट्या दिशेला असलं तर जास्त. हा फरक टक्क्यांत मोजतात, त्याला टीएमआर म्हणतात. हार्ड डिस्कचं वाचायचं हेड आणि एमआरॅम नावाची मेमरी यावरच चालते. १९७५ साली ज्युलिएरनं लोखंड, जर्मेनियम आणि कोबाल्टच्या जंक्शनमध्ये ४.२ केल्विनला १४ टक्के टीएमआर मोजला, पण खोलीच्या तापमानाला भरवशाचा निकाल यायला १९९५ उजाडलं, तेव्हा एमआयटीत जगदीश मुडेरा आणि जपानमध्ये तोहोकूत मियाझाकी यांनी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा बॅरिअर वापरून तो दाखवला. मधली वीस वर्षं बहुतेक बॅरिअर नीट बनवण्यातच गेली. मग २००१ ला मॅग्नेशियम ऑक्साइडच्या बॅरिअरची थिअरी आली, २००४ ला पार्किन आणि युआसा यांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी दोनशे टक्क्यांच्या आसपासचे आकडे प्रत्यक्ष मोजले, २००८ पर्यंत तोहोकूतल्या गटानं ६०४ टक्के गाठले. आपल्या माणसांचा यात हात नाही असं नाही, २००५ साली अशाच जंक्शनचा डायोडसारखा उपयोग दाखवणाऱ्या नेचरमधल्या पेपरचे पहिले लेखक अश्विन तुळापूरकर होते, जे पुढे आयआयटी मुंबईत आले.

हे सगळं फेरोमॅग्नेटचं झालं. फेरोमॅग्नेटची अडचण अशी की त्याचं चुंबकत्व बाहेर सांडतं, त्यामुळे बिट खूप जवळ जवळ बसवले की शेजाऱ्याला त्रास होतो, शिवाय वेग गिगाहर्ट्झच्या आसपास अडतो. अँटिफेरोमॅग्नेटमध्ये शेजारचे अणू उलट्या दिशेला चुंबकित असतात, बेरीज शून्य, बाहेर काही सांडत नाही, वेगही टेराहर्ट्झपर्यंत जाऊ शकतो. पण नेहमीच्या अँटिफेरोमॅग्नेटमध्ये वरच्या आणि खालच्या स्पिनच्या इलेक्ट्रॉनांची एनर्जी सारखीच राहते, मग जंक्शनला ते ओळखायचे कसे? आल्टरमॅग्नेटची कल्पना इथे येते. बेरीज शून्यच, पण दोन उलट्या अणूंभोवतीची इतर अणूंची मांडणी एकमेकीच्या तुलनेत फिरलेली असते, त्यामुळे एका दिशेनं जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांत वरचा आणि खालचा स्पिन वेगळे पडतात आणि काटकोनातल्या दिशेला नेमकं उलटं होतं. २०१९ पासून जपान, युरोप आणि अमेरिकेतल्या वेगवेगळ्या गटांनी याचे धागे पकडले होते, २०२२ मध्ये श्मेइकल, सिनोव्हा आणि युंगविर्थ यांनी त्याची नीट वर्गवारी मांडली, आणि २०२४ च्या शेवटी सायन्स या जर्नलनं वर्षातल्या मोठ्या शोधांच्या यादीत त्याला जागा दिली.

आणि या सगळ्याचं पोस्टर मटेरियल होतं रुथेनियम डायऑक्साइड. कागदावर ते इतकं चांगलं दिसतं की मीही त्याच्याच मागे आले. धातूसारखं वीज वाहतं, बनवायला अवघड नाही, रचना रुटाइलची, त्यात रुथेनियमच्या दोन जागांभोवतीची ऑक्सिजनची अष्टफलकं एकमेकांच्या काटकोनात फिरलेली. टायटॅनियम डायऑक्साइडचीही रचना तीच, म्हणजे सबस्ट्रेट (ज्यावर फिल्म वाढवतात तो तुकडा) आणि बॅरिअर दोन्ही घरचेच. २०२१ मध्ये शाओ, सिम्बाल आणि सहकाऱ्यांनी गणित करून सांगितलं की रुथेनियम डायऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, परत रुथेनियम डायऑक्साइड असं जंक्शन बनवलं तर टीएमआर ५०० टक्क्यांच्या आसपास मिळू शकतो. हा आकडा वाचून किती लॅबनी रुथेनियमचं टार्गेट (फिल्म ज्यातून बनते ती चकती) मागवलं असेल देव जाणे.

पण ते मटेरियल मुळात चुंबकीय आहे का? २०१७ पर्यंत सगळे त्याला साधा, चुंबकत्व नसलेला धातूच समजत होते. २०१७ मध्ये न्यूट्रॉनच्या प्रयोगातून दर रुथेनियम अणूमागे सुमारे ०.०५ बोहर मॅग्नेटॉन इतका बारीक मोमेंट (अणूचं चुंबकत्व, ते बोहर मॅग्नेटॉन या एककात मोजतात) असल्याचं आलं, २०१९ मध्ये एक्सरेच्या प्रयोगानं त्याला दुजोरा दिला, आणि या पायावर सगळी इमारत उभी राहिली. २०२२ मध्ये चुंबकत्वाची खूण देणारा हॉल इफेक्ट, म्हणजे करंटला आडवं उठणारं व्होल्टेज, मोजला गेला (त्यासाठी ५० टेस्लाच्या घरातलं चुंबकीय क्षेत्र लागलं, आमच्याकडचं मॅग्नेट ९ टेस्लाचं आहे), त्याच वर्षी तीन वेगवेगळ्या गटांनी स्पिन टॉर्क (इलेक्ट्रॉनांच्या स्पिननं शेजारच्या चुंबकाला दिलेला पीळ) दाखवला. मग २०२४ आलं. जपानच्या गटानं म्यूऑनचे (बारीक चुंबकत्वही टिपणाऱ्या सूक्ष्म कणांचे) प्रयोग करून सांगितलं की चुंबकत्व दिसत नाही. पाठोपाठ युरोपातल्या गटानं म्यूऑन आणि न्यूट्रॉन दोन्ही वापरून मर्यादा घातली : मोठ्या क्रिस्टलमध्ये मोमेंट असलाच तर ०.०००१४ बोहर मॅग्नेटॉनपेक्षा कमी, फिल्ममध्ये ०.०००७५ पेक्षा कमी. म्हणजे २०१७ च्या आकड्यापेक्षा क्रिस्टलमध्ये साडेतीनशे पट खाली. त्याच २०२४ मध्ये फोटोएमिशनच्या (प्रकाशानं इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची एनर्जी मोजायच्या) एका पेपरात बँड फुटलेले, म्हणजे दोन स्पिनच्या एनर्जी वेगळ्या पडलेल्या, दिसले आणि दुसऱ्या पेपरात दिसले नाहीत. आणि थिअरीवाल्यांनी दाखवलं की शुद्ध, नेमक्या प्रमाणातलं रुथेनियम डायऑक्साइड चुंबकीय व्हायलाच नको, मात्र रुथेनियमच्या जागा रिकाम्या राहिल्या तर होऊ शकतं.

या शेवटच्या वाक्यात माझ्या तक्रारीचं मूळ आहे. दोन लॅबच्या फिल्म एकाच नावानं ओळखल्या जातात पण त्या एकच वस्तू असतील असं नाही. टायटॅनियम डायऑक्साइडच्या ११० कटावर (११०, ००१ ही क्रिस्टलमधल्या दिशांची नावं) ही फिल्म वाढवली की एका अक्षावर ती सुमारे २.३ टक्के ताणली जाते आणि दुसऱ्यावर ४.७ टक्के दाबली जाते, हा ताण थोडाथोडका नाही, याच ताणामुळे काही फिल्म दोन केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतात हे २०२० आणि २०२१ मध्ये छापून आलंय, जे मोठ्या क्रिस्टलमध्ये होत नाही. त्यात ऑक्सिजनचं प्रेशर, तापमान, वाढवायचा वेग. अशा वेळी प्रश्न ‘रुथेनियम डायऑक्साइड आल्टरमॅग्नेट आहे का’ असा नसतोच, ‘कुठल्या परिस्थितीत बनवलेलं, कुठल्या दिशेनं वाढवलेलं, किती रिकाम्या जागा असलेलं आल्टरमॅग्नेट आहे आणि कुठलं नाही’ असा असतो. आणि याचं उत्तर फक्त ‘हो’ आलेले पेपर वाचून कधीच मिळणार नाही. नकाशाचा अर्धा भाग तुम्ही छापायला नाकारताय.

आता माझ्या तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली आणि सगळ्यात मोठी. ‘हो’ आणि ‘नाही’ यांना तुम्ही वेगवेगळ्या तराजूत तोलता. आमच्या पेपरवर मला तोंडी मिळालेला आक्षेप असा होता की सिग्नल न दिसण्याची कारणं खूप असू शकतात. बरोबर आहे, खूप असू शकतात! मी ती स्वतःच लिहून दिली होती. फिल्ममध्ये उलट्या दिशेचे डोमेन (एकाच दिशेनं चुंबकित झालेले छोटे भाग) निम्मे निम्मे असतील तर एकाचा सिग्नल दुसरा खाऊन टाकेल. बॅरिअर आणि इलेक्ट्रोडच्या सीमेवर ऑक्सिजन इकडचा तिकडे झाला असेल. पण सिग्नल दिसण्याचीही कारणं तेवढीच असतात. फेरोमॅग्नेटच्या कडेला साचलेलं ऑक्साइड, बॅरिअरमधलं भोक, क्षेत्राच्या दिशेनुसार रेझिस्टन्स बदलायचा अगदी वेगळा परिणाम ज्याचा आल्टरमॅग्नेटशी काही संबंध नाही, २०११ मध्ये इरिडियम मँगनीजच्या अँटिफेरोमॅग्नेटवरच्या जंक्शनमध्ये असा परिणाम ४ केल्विनला १६० टक्के निघाला होता. म्हणजे शंका दोन्ही बाजूंना सारखी. मग ‘हो’ वाल्याला शंकेसकट रेफरीकडे पाठवायचं आणि ‘नाही’ वाल्याला शंका आहे म्हणून दारातूनच परत, हे कुठल्या न्यायानं?

इथे मी जरा थांबून एक प्रत्यक्ष गोष्ट सांगते, म्हणजे नकारात्मक निकाल हा हात झटकून मिळत नाही हे कळेल. आमच्या सुरुवातीच्या एका बॅचमध्ये क्षेत्र फिरवल्यावर रेझिस्टन्समध्ये स्वच्छ उडी दिसत होती. जंक्शन म्हणजे काही मायक्रॉनचा खांब, आर्गन आयननी कोरलेला, भोवती सिलिकॉन डायऑक्साइड भरलेलं, वर सोन्याचा पॅड, बाँडिंगची केसापेक्षा बारीक तार. स्क्रीनवर चौकोनी लूप येत होता आणि लॅबमध्ये सगळे खूश होते. सरांनी सांगितलं, आधी थंड कर. खऱ्या टनेल जंक्शनचा रेझिस्टन्स थंड केल्यावर थोडा वाढतो, बॅरिअरला भोक असून धातूला धातू टेकला असेल तर कमी होतो. हीलियमच्या क्रायोस्टॅटमध्ये सॅम्पल उतरवलं आणि रेझिस्टन्स सरळ खाली गेला. मग वेगवेगळ्या आकाराचे खांब तपासले, क्षेत्रफळ दुप्पट केल्यावर रेझिस्टन्स निम्मा व्हायला हवा, तोही होत नव्हता. कोरताना उडालेला धातू खांबाच्या भिंतीला चिकटून शॉर्ट झाला होता. आयनचा कोन बदलून पुन्हा कोरलं, भिंती साफ झाल्या, दोन्ही कसोट्या पास झाल्या, आणि त्याबरोबर ती सुंदर उडीही गेली.

त्यानंतर आम्ही दिशांची कसोटी लावली, जी मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. रुथेनियम डायऑक्साइड थिअरी म्हणते तसं आल्टरमॅग्नेट असेल तर ११० दिशेनं वाहणाऱ्या करंटमध्ये एका स्पिनचं पारडं जड व्हायला हवं, आणि ००१ दिशेनं वाहणाऱ्यात दोन्ही स्पिन समसमान राहायला हवेत. म्हणजे वरती एकच फेरोमॅग्नेट ठेवून खाली एकदा ११० ची फिल्म आणि एकदा ००१ ची फिल्म घेतली तर पहिल्यात सिग्नल यावा, दुसऱ्यात येऊ नये. दोन्हीत सारखाच सिग्नल आला तर तो आल्टरमॅग्नेटचा नाही, कुठून तरी दुसरीकडून आलाय. ही कसोटी करायला जास्तीचं मशीन लागत नाही, दुसऱ्या कटाचा सबस्ट्रेट लागतो आणि सगळी मेहनत परत करायची तयारी लागते. आमच्याकडे दोन्हीत नॉइजच्या वर काही नाही. हा निकाल मी ‘रुथेनियम डायऑक्साइड आल्टरमॅग्नेट नाही’ म्हणून विकत नाहीये. आमच्या परिस्थितीत वाढवलेल्या, आमच्या मोजलेल्या ताणाच्या, या या जाडीच्या फिल्ममध्ये या मर्यादेपर्यंत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. हे वाक्य उद्या जर्मनीत किंवा कोरियात कुणी तीच फिल्म बनवणार असेल तर त्याचे महिने वाचवेल.

दुसरी तक्रार कसोट्यांचीच. टनेल जंक्शनवरचे पेपर वाचताना मला कितीदा हे सापडत नाही की एकूण किती डिव्हाइस बनवले, त्यातले किती चालले, दाखवलेला ग्राफ त्यातल्या सरासरीचा की सगळ्यात देखण्याचा. रेझिस्टन्स आणि क्षेत्रफळाचा गुणाकार वेगवेगळ्या आकाराच्या खांबांत तोच राहतो का, हेही बऱ्याचदा नाही. तापमानाचा ग्राफ पुरवणीत असतो किंवा नसतोच. फिल्ममधलं रुथेनियम आणि ऑक्सिजनचं प्रमाण मोजलंय का, हा तर आता कळीचा प्रश्न झालाय, तरी त्याबद्दल एक ओळ असते. रेफरींना दोष द्यायचा नाही, तुम्ही फुकट वेळ देता हे मला माहितेय. पण संपादकांनी छापील अट घातली तर रेफरींना एकेक गोष्ट मागत बसावं लागणार नाही.

तिसरी, ही आपल्या देशातली. फेलोशिप एकूण पाच वर्षांची, १ जानेवारी २०२३ पासून ज्युनिअरला महिना ३७,००० आणि सिनिअरला ४२,०००. त्यात वाढ झाली हे चांगलं झालं. पण पाच वर्षांच्या शेवटी हातात काय, तर पेपर. ज्या मुलीला चांगलं मटेरियल मिळालं आणि पहिल्या दोन वर्षांत ‘हो’ आलं तिला पोस्टडॉक मिळतो, आणि जिला तितकीच मेहनत करून, कदाचित जास्त कसोट्या लावून ‘नाही’ मिळालं ती रिकाम्या हातानं उभी. हे सगळ्या मुलांना दुसऱ्या वर्षीच कळतं. आणि कळल्यावर चौकोनी लूप दिसला की सॅम्पल थंड करून बघायची इच्छा किती जणांना राहील, याचा विचार करा. कुणी खोटं करेल असं मी म्हणत नाही. पण जिथे तपासायला हवं तिथे न तपासणं सोयीचं होईल अशी रचना तुम्ही करून ठेवलीय, आणि आमच्यासारख्यांच्या सरांवर सगळा भार टाकलाय, की त्यांनी सांगितलं तरच.

चौथी तक्रार यंत्रांची आहे आणि ती समित्यांना. या मटेरियलचा निकाल म्यूऑननी लावला, आणि आपल्या देशात म्यूऑनचा स्रोत नाही. पातळ फिल्मला लागणारे मंद म्यूऑन मिळवायचे तर स्वित्झर्लंडला पॉल शेरर इन्स्टिट्यूटकडे प्रस्ताव टाकावा लागतो. बीमटाइम, म्हणजे तिथलं यंत्र वापरायचा वेळ, प्रस्तावाच्या गुणवत्तेवर मिळतो, पण तिकिटाचा आणि राहण्याचा खर्च प्रोजेक्टमध्ये मंजूर नसेल तर तो मिळून उपयोग काय? न्यूट्रॉनसाठी ट्रॉम्बेला ध्रुव रिॲक्टर आहे, १९८५ पासून, सिंक्रोट्रॉनसाठी (तीव्र एक्सरेच्या स्रोतासाठी) इंदूरला इंडस-२ आहे, म्हणजे घरात काहीच नाही असंही नाही. पण फिल्म बनवणारे, जंक्शन बनवणारे आणि न्यूट्रॉन-एक्सरेवाले यांनी एकाच सॅम्पलवर काम करावं यासाठी वेगळा पैसा आणि बजेटमध्ये वेगळा हेड कुठे असतो? प्रत्येक प्रोजेक्टला ‘नावीन्य’ या रकान्यात काहीतरी भरावं लागतं, आणि दुसऱ्याचा निकाल तपासणं त्या रकान्यात बसत नाही. तपासणीला नावीन्य नाही म्हणून पैसा नाही, आणि तपासणी नाही म्हणून सगळे त्याच मटेरियलवर नवीन नवीन प्रोजेक्ट लिहीत राहतात.

मला असंही सांगितलं गेलं की रुथेनियम डायऑक्साइडचा विषय जवळपास संपलाय, आता पुढे जा. पुढे कुठे जायचं ते मलाही दिसतंय. मँगनीज टेल्युराइडमध्ये २०२४ मध्ये बँड फुटलेले स्वच्छ दिसले, त्याच वर्षाच्या शेवटी त्याचे डोमेनसुद्धा नॅनोमीटरच्या पातळीवर टिपले गेले, पण ते सेमिकंडक्टर आहे आणि त्याचं चुंबकत्व खोलीच्या तापमानाच्या थोडंसंच वर टिकतं, त्यामुळे इलेक्ट्रोड म्हणून अवघड. क्रोमियम अँटिमनाइड धातू आहे आणि ७०० केल्विनपर्यंत चुंबकीय राहतं, पण त्यात स्पिन इतक्या दिशांना आलटून पालटून फिरतो की टनेलिंगला उपयोगी कट निवडणं हीच मोठी गोष्ट आहे. व्हॅनेडियम आणि ऑक्सिजनबरोबर सेलेनियम किंवा टेल्युरियम असलेली थरांची संयुगं २०२५ मध्ये आली, ती आशादायक आहेत. आल्टरमॅग्नेटच्या बाहेर मँगनीज-प्लॅटिनमच्या अँटिफेरोमॅग्नेटिक जंक्शननं २०२३ मध्येच खोलीच्या तापमानाला १०० टक्क्यांच्या आसपास टीएमआर दाखवला, म्हणजे चुंबकत्व बाहेर न सांडणारं जंक्शन बनतं हे सिद्ध आहे. मला या क्षेत्राबद्दल शंका नाही, उलट मला यातच राहायचंय. पण रुथेनियम डायऑक्साइडमध्ये २०१७ ते २०२४ जे झालं ते नीट लिहून न ठेवताच आपण क्रोमियम अँटिमनाइडकडे गेलो तर तिथेही सात वर्षं हेच होणार. कुठल्या लॅबला कुठल्या फिल्ममध्ये काही दिसलं नाही हे तेव्हाही कुणाच्या तरी लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये पडून राहील.

म्हणून माझ्या मागण्या, साध्या भाषेत.

संपादकांना. निकाल ‘नाही’ आहे एवढ्याच कारणावरून पेपर रेफरीकडे न पाठवता परत करू नका. मोजमाप कच्चं असेल, मर्यादा दिलेली नसेल, कसोट्या नसतील तर जरूर परत करा, आणि तेच नियम ‘हो’ वाल्यांना लावा. ज्या जर्नलनं एखाद्या मटेरियलवर मोठा दावा छापला, त्या जर्नलनं त्याच मटेरियलवरचा काळजीपूर्वक केलेला उलटा निकाल निदान रेफरीपर्यंत पोचवायला हवा, आणि छापला तर जुन्या पेपरच्या पानावर त्याची लिंक द्यायला हवी, म्हणजे नवीन विद्यार्थी जुना पेपर उघडेल तेव्हा त्याला दोन्ही दिसतील.

टनेल जंक्शनच्या प्रत्येक पेपरसाठी एक सक्तीचा तक्ता ठेवा. एकूण डिव्हाइस किती, चालले किती, क्षेत्रफळाबरोबर रेझिस्टन्स कसा बदलला, थंड केल्यावर काय झालं, फिल्ममधलं मूलद्रव्यांचं प्रमाण कसं मोजलं, दुसऱ्या दिशेच्या फिल्मवर तोच प्रयोग केला का, नसेल तर का नाही. एक पान पुरेल. आणि मोजलेला कच्चा डेटा पेपरबरोबर उघडा ठेवा, ‘मागितल्यास देऊ’ हे वाक्य बंद करा, आम्ही मागितलाय आणि उत्तरं आलेली नाहीत.

रेफरींना एकच विनंती. ‘सिग्नल न दिसण्याची इतर कारणं असू शकतात’ असं लिहाल तेव्हा पुढच्या वेळी सिग्नल दिसलेल्या पेपरवरही तेवढ्याच अक्षरात लिहा, की दिसण्याची इतर कारणं असू शकतात.

समित्यांना. मंजूर पैशातला एक छोटा ठरलेला हिस्सा दुसऱ्यांचे निकाल तपासण्यासाठी राखून ठेवा आणि त्याला नावीन्याचा रकाना लावू नका. एकच फिल्म तीन-चार लॅबमधून फिरवायची, एकानं प्रमाण मोजायचं, दुसऱ्यानं न्यूट्रॉन किंवा एक्सरे, तिसऱ्यानं जंक्शन, आणि निकाल काहीही आला तरी सगळ्यांच्या नावानं छापायचा, अशी एक योजना काढा, देशात ते करायला माणसं आहेत. परदेशातल्या म्यूऑनच्या बीमटाइमसाठी प्रवासाचा खर्च वेगळ्या हेडमध्ये द्या. आणि विद्यार्थ्याचं मूल्यमापन करताना निकाल कुठल्या बाजूला पडला हे न बघता काम किती कसून केलं हे बघा, ते बघायचं असेल तर लॅब नोटबुक मागवा, आम्ही आनंदानं दाखवू.

आमच्या बाजूनं जे करता येतं ते आम्ही करतोय. सगळ्या डिव्हाइसेसचा डेटा, चालले तेही आणि शॉर्ट झाले तेही, फिल्म वाढवायच्या रेसिपीसकट आम्ही उघडा ठेवतोय, पेपर छापला जावो न जावो. ११० आणि ००१ दोन्ही कटांच्या फिल्मचे तुकडे डेसिकेटरमध्ये जपून ठेवलेत, ज्या लॅबला स्वतः मोजून बघायचंय त्यांनी सांगावं, पोस्टानं पाठवू, अट एकच, जे निघेल ते छापायचं.

पेपर आम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवतोय. यावेळी तो रेफरीकडे जावा, एवढं करा. रेफरीनं चिरफाड केली तरी चालेल.

आपली नम्र,
एक पीएचडी विद्यार्थिनी